मराठी शाळेच्या वाचनालयासाठी २५,००० रुपयांत पुस्तकं कशी निवडायची? (पहिली ते सातवी, ऐरोली)

शिक्षिका_ऐरोली

नमस्कार. मराठी माध्यम, पहिली ते सातवी, पट २६०. वाचनालयासाठी २५,००० रुपये मिळालेत आणि १५ जूनला शाळा उघडायच्या आत पुस्तकं मुलांच्या हाती पडावीत अशी इच्छा आहे. एका पुरवठादाराने १५० पुस्तकांचा तयार संच देऊ केलाय: १८,००० रुपये, 'छापील किमतीवर ४० टक्के सवलत'. यादीत बोधकथा, थोरांची चरित्रं, सामान्यज्ञान, सगळं आहे.

मुलं गावठाणातल्या आगरी-कोळी घरांतली, घाटावरून आलेल्या कुटुंबांतली, आणि काही घरी हिंदी किंवा कन्नड बोलणारी.

विचारायचंय ते असं. संच घ्यावा का? नाही तर कुठल्या इयत्तेवर किती खर्च करावा? पुस्तक मुलाला झेपेल की नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं? इंग्रजी किती ठेवायचं? कपाटात आधीची साधारण २०० पुस्तकं आहेत, शिवाय सोसायट्यांमधून देणगीची खोकी येतात. त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं?

ग्रंथपाल_ठाणे

ताई, यादी पाहून संच घेऊ नका. पुरवठादाराला म्हणा, पुस्तकंच आणून दाखवा. मग त्यातली कुठलीही दहा काढा आणि प्रत्येकाचं आतलं पहिलं पान उघडा. लेखक कोण, चित्रकार कोण, आवृत्ती कुठल्या वर्षाची, हे छापलेलं नसेल तर पुस्तक बाजूला. लेखकाच्या जागी 'संपादक मंडळ' आणि चित्रकाराचा पत्ता नाही, अशा पुस्तकातला मजकूर बहुतेक वेळा इकडून तिकडून उचललेला असतो. नंतर अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून बघा. अकबर-बिरबल, तेनालीराम, पंचतंत्र, इसापनीती या त्याच गोष्टी चार वेगळ्या मुखपृष्ठांखाली परत परत आलेल्या दिसतील. किमतीवर स्टिकर असेल तर नखाने उचलून खालची किंमत वाचा. ४० टक्के सवलत बऱ्याचदा त्या स्टिकरातूनच निघालेली असते.

चरित्रांच्या सोळा पानी पुस्तिका तर घेऊच नका. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू या क्रमाने लिहिलेला तो निबंध असतो. मुलं भाषण स्पर्धेच्या आदल्या दिवशी उघडतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. त्याच पैशात नीट लिहिलेली तीन चरित्रं येतात.

पैशांची वाटणी मी अशी करेन. सगळे २५,००० एकदम खर्च करू नका. जूनच्या आधी १५,००० ची खरेदी:

पहिली-दुसरी: ५० शीर्षकं, प्रत्येकी दोन प्रती, सरासरी ६० रुपये धरून ६,०००.
तिसरी ते पाचवी: ५० पुस्तकं, सरासरी १०० रुपये, ५,०००.
सहावी-सातवी: २० पुस्तकं, सरासरी १५० रुपये, ३,०००.
प्लास्टिक कव्हर, लेबलं, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची वही), सुई-दोरा: १,०००.

मासिकांच्या वर्गणीला २,००० ठेवा. उरलेले ८,००० दिवाळीच्या सुट्टीनंतर नोव्हेंबरमध्ये काढा. तोवर पाच महिन्यांची देवघेव वहीत आलेली असते. कुठलं पुस्तक बारा वेळा गेलं, कुठलं एकदाही हललं नाही, सातवीतल्या मुली काय मागतात, हे तेव्हा दिसतं. दुसरी खरेदी त्या नोंदींवर करायची. जूनमध्ये सगळा पैसा संपला की चूक सुधारायला वर्षभर थांबावं लागतं.

पहिली-दुसरीला दोन प्रती एवढ्यासाठी की या वयात दोघं शेजारी बसून एकच गोष्ट वाचतात. एकाला अडलं की दुसरा सांगतो. सहावीच्या मुलाला दुसरी प्रत लागत नाही, त्याला पुढचं शीर्षक हवं असतं.

कुठे बघायचं? मराठी चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन. कमी किमतीत चांगली चित्रं हवीत तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आणि प्रथम बुक्स. तुलिकाची पुस्तकंही मराठीत मिळतात. प्रकाशकाशी थेट बोललात तर शाळेच्या लेटरहेडवरच्या मागणीला सवलत मिळते आणि एका शीर्षकाच्या हव्या तेवढ्याच प्रती घेता येतात. मासिकांत 'किशोर' आधी लावा. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक तिच्या संकेतस्थळावर वाचायला आहेत.

आणि घेण्याआधी प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचा. हे कोणी करत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. चित्रपुस्तक पाच मिनिटांत वाचून होतं. ५० शीर्षकांना साधारण सव्वाचार तास. दोघी शिक्षिकांनी वाटून घेतलं तर एका दुपारचं काम आहे. वाचताना चित्रांकडेही बघा. आई प्रत्येक चित्रात चुलीपाशी, काळा रंग फक्त राक्षसाला, गरीब मुलगा नेहमी दुसऱ्याच्या दयेवर, असं असेल तर मजकूर कितीही चांगला असो, पुस्तक सोडून द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत कोणी म्हणालं की गोष्टीची पुस्तकं म्हणजे उधळपट्टी, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची दाखवा. प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वृत्तपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

पहिलीचा_वर्ग_कोपरखैरणे

वरच्या वाटणीशी सहमत. फक्त 'पहिली-दुसरी' असा एकच गठ्ठा करू नका. जूनमधली पहिली आणि मार्चमधली दुसरी यांच्यात जवळपास दोन वर्षांचं अंतर आहे. त्या ५० शीर्षकांत १५ जवळपास शब्द नसलेली किंवा पानावर एकच ओळ असलेली हवीत, २० पानावर दोन-तीन ओळींची, आणि १५ त्याच्या पुढची.

प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पातळी छापलेली असते, पहिली ते चौथी. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंतची गोष्ट, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १,५०० पर्यंत. यादी करायला सोयीचं आहे, पण पातळी १ म्हणजे इयत्ता पहिली असं समजू नका. शब्द कमी असले तरी त्यात 'स्वयंपाकघर' आणि 'आश्चर्य' असू शकतात.

म्हणून मराठीत मी शब्द मोजण्याआधी जोडाक्षरं मोजते. मधलं एक पान उघडा. नुकत्या वाचायला लागलेल्या मुलासाठी एका पानावर दोन-तीनपेक्षा जास्त जोडाक्षरं नकोत, आणि असलीच तर बोलण्यातली: 'गोष्ट', 'पुस्तक', 'म्हणाली'. 'म्हणाली' चालतं, कारण ते दर पानावर येतं आणि मूल ते अख्खं ओळखायला लागतं. याचा अर्थ 'कमल, नमन कर' छापाची पुस्तकं घ्या असा नव्हे. काना-मात्रा टाळण्यासाठी लिहिलेल्या वाक्यांत गोष्टच उरत नाही, आणि गोष्ट नसेल तर मूल पान उलटत नाही.

छपाईतली एक चूक हमखास बघा. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. डोंगरात असतात त्या दऱ्या, आणि कोळी होडी घालतात तो दर्या. स्वस्त पुस्तकांत 'साऱ्या', 'पुऱ्या', 'दऱ्या' हे सगळे डोक्यावर रफार देऊन 'सार्या', 'पुर्या', 'दर्या' असे छापलेले असतात. मोठा माणूस संदर्भाने वाचून पुढे जातो. दुसरीतलं मूल लिहिलंय तसं वाचतं, अर्थ लागत नाही आणि 'मला वाचता येत नाही' असं ठरवून टाकतं. ल आणि श ही अक्षरंही बघा. शासनाने २००९ मध्ये मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले, बालभारतीत तेच असतात. हिंदी वळणाच्या टाइपातलं पुस्तक पहिलीच्या मुलाला देऊ नका. चौथीनंतर काही अडत नाही.

टाइपाचा आकार पॉइंटमध्ये मोजत बसायची गरज नाही. त्या इयत्तेचं बालभारती शेजारी उघडून ठेवा. अक्षर त्याहून बारीक दिसलं तर पुस्तक वरच्या इयत्तेचं. ओळी एकमेकींना चिकटलेल्या नकोत. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भिडली की मुलाची ओळ सुटते. गडद चित्रावर काळा मजकूर छापलेला असेल तेही नको.

आता झेपतंय का ते बघायचं. पुस्तकातला ५० शब्दांचा उतारा मुलाला मोठ्याने वाचायला द्या, आधी तयारी न करता. दोनपर्यंत चुका झाल्या तर ते एकट्याने वाचू शकेल. तीन ते पाच असतील तर कोणीतरी शेजारी हवं. पाचाच्या वर गेलं तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. एका वर्गातली तीन मुलं घ्या: एक सराईत, एक मधलं, एक अडखळणारं. फक्त हुशार मुलावर तपासलं तर सगळी खरेदी पाच मुलांसाठी होते.

चूक कशाला म्हणायचं हे आधी ठरवा. आगरी घरातलं मूल 'पाणी' वाचताना 'पानी' म्हणालं, 'डोळा'चं 'डोला' म्हणालं, तर ती वाचनाची चूक नाही. त्याने शब्द ओळखलाय आणि आपल्या तोंडाने उच्चारलाय. हिंदी घरातलं मूल 'चमचा'तला च हिंदीसारखा म्हणतं, तेही मोजू नका. शब्दाच्या जागी भलताच शब्द आला, शब्द गाळला किंवा थांबून राहिला, तरच चूक. हे मोजमाप पुस्तक निवडण्यासाठी आहे, मुलाला गुण देण्यासाठी नाही; त्याच्यासमोर वहीत रेघा मारू नका.

दुभाषी_वाशी

इंग्रजीबद्दल. पालकांचा आग्रह असतो म्हणून निम्मी इंग्रजी घेऊ नका, पण शून्यही नको. माझ्या मते एक तृतीयांश द्विभाषिक घ्यावीत. वर मराठी, खाली इंग्रजी. मुलं दोन्ही वाचतात.

पहिलीचा_वर्ग_कोपरखैरणे

@दुभाषी_वाशी एक तृतीयांश फार होतं. द्विभाषिक पानावर मूल सोपी ओळ वाचतं आणि दुसरी सोडतं. पान मजकुराने भरतं ते वेगळंच, आणि नवीन वाचकाला पानावर मोकळी जागा लागते. १७० पुस्तकांत १० द्विभाषिक आणि १० सोपी इंग्रजी चित्रपुस्तकं, तीही तिसरीपासून पुढे, एवढी पुरेत.

त्यापेक्षा ८-१० हिंदी आणि ४-५ कन्नड घ्या. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स दोघांकडे दोन्ही भाषांतली मिळतात. ही पुस्तकं घरी नेण्यासाठी. मराठी न वाचणारी आई संध्याकाळी ते वाचून दाखवू शकते. शक्य असेल तिथे तीच गोष्ट मराठीतही घ्या, म्हणजे घरी ऐकलेली गोष्ट मूल शाळेत मराठीतून वाचतं. अर्थ आधीच माहीत असल्याने फक्त अक्षरांशी झगडायचं उरतं.

दुभाषी_वाशी

पटलं. तीच गोष्ट दोन वेगळ्या पुस्तकांत देणं एका पानावर दोन भाषा कोंबण्यापेक्षा बरंच. एक भर घालतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी, हिंदी, कन्नड तिन्ही भाषांतल्या गोष्टी मोफत आहेत आणि परवाना मुक्त असल्याने छापताही येतात. पण रंगीत छपाई परवडते का ते आधी बघा. १६ पानी पुस्तिकेला ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी, म्हणजे आठ बाजू. बाजूला १० रुपये धरले तरी ८० होतात, तयार पुस्तकापेक्षा जास्त. त्या गोष्टी वर्गातल्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर वाचून दाखवायला वापरा, आणि ज्याची मुलं पुन्हा पुन्हा मागणी करतात तेवढंच छापील घ्या.

ग्रंथपाल_ठाणे

माहितीपर पुस्तकांचं राहिलंच. कपाटातल्या जुन्या २०० ला आणि देणगीच्या खोक्यांना तीन प्रश्न विचारा, दोन मिनिटांत निकाल लागतो. सूर्यमालेत ग्रह किती? नऊ लिहिलं असेल तर पुस्तक २००६ च्या आधीचं, प्लूटो तेव्हा यादीतून गेला. राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश किती? जानेवारी २०२० पासून २८ आणि ८. तिसरा प्रश्न आपल्या घरचा: नकाशात ठाणे जिल्हा कुठवर आहे? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आधी १५ तालुके होते, आता ठाण्यात ७. डहाणू-जव्हार अजून ठाण्यात दाखवणारा नकाशा भिंतीवर असेल तर तोही उतरवा. चौथीच्या मुलाला छापलेलं खोटं वाटत नाही, त्याला शिक्षक खोटे वाटतात.

गोष्टीच्या पुस्तकाला हा नियम नाही. १९७० ची गोष्ट चांगली असेल आणि पानं धड असतील तर ठेवा.

नव्या माहितीपर पुस्तकांत इथलं काय आहे ते बघा. ध्रुवीय अस्वल आणि कांगारूंची पुस्तकं ढिगाने मिळतात. तुमच्या मुलांच्या घरामागे ठाण्याची खाडी आहे. तिचा एक भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पाणथळ पक्ष्यांचं, खारफुटीचं, माशांचं मराठी नावं असलेलं एखादं सचित्र पुस्तक महाग असलं तरी घ्या. चिंबोरी, निवटी, जिताडा ही नावं कोळीवाड्यातल्या मुलाला शिक्षकांपेक्षा चांगली ठाऊक असतात, आणि वाचनात मागे असलेलं मूल अशा पुस्तकाला चिकटतं. असं पुस्तक मिळालं नाही तर सहावीकडून करून घ्या. तीन ए-फोर कागद मध्ये दुमडले की १२ पानं होतात. घडीवर तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवा, दाखल क्रमांक द्या आणि बाकीच्या पुस्तकांत ठेवा.

देणगीसाठी सोसायटीच्या सूचना फलकावर लावायला एक कागद द्या: गाइड, डायजेस्ट, जुनी पाठ्यपुस्तकं, मोठ्यांच्या कादंबऱ्या, धार्मिक प्रचाराच्या पुस्तिका घेत नाही. मुलांची गोष्टीची, चित्रांची, कोड्यांची, प्रयोगांची पुस्तकं घेतो. आणि 'निवडीचा अधिकार शाळेचा' ही ओळ घाला. ती नसेल तर पाच चांगल्या पुस्तकांसाठी पन्नास किलो रद्दी सांभाळत बसाल.

जतन_कळवा

निवडताना बांधणी बघा, कारण इथे पावसाळा चार महिने आणि खाडीची हवा बारा महिने.

पुस्तक बरोबर मध्यावर उघडून टेबलावर सपाट दाबा. कण्यातून 'कट्ट' असा आवाज आला किंवा कोरडा गोंद दिसला तर ते नुसतं चिकटवलेलं आहे, दहा हातांतून गेलं की पानं सुटतात. जाड पुस्तक शिवलेल्या बांधणीचंच घ्या. पातळ चित्रपुस्तकांना मध्यभागी पिना असतात, त्याला इलाज नाही, पण या हवेत पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबडे डाग पडतात. पुस्तक आलं की लगेच पिना काढून त्याच भोकांतून जाड सुती दोरा ओवा, गाठ आतल्या बाजूला. एका पुस्तकाला पाच मिनिटं लागतात. सातवीची मुलं नीट करतात.

गुळगुळीत आर्ट पेपर दिसायला छान, पण ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्राचा रंग निघतो. ट्यूबलाइटखाली चमकही मारतो. दोन पुस्तकांत निवड असेल तर साधा जाडसर कागद घ्या.

लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका. पावसाळ्यात रोज अर्धा तास दारं उघडी टाका. डांबर गोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ लहान मुलांना बाधते आणि काहींच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. कसर धूळ आणि ओलीमुळे लागते, म्हणून महिन्यातून एकदा सगळी पुस्तकं काढून कोरड्या फडक्याने पुसणं हाच उपाय. बुरशी आलेलं पुस्तक वर्गात झटकू नका. बाहेर नेऊन, तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने साफ करा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. बुरशी पानांच्या आतपर्यंत गेली असेल तर ते बाद करा.

आणि शक्य तेवढं कपाटात ठेवूच नका. वर्गात एका भिंतीवर नायलॉनची दोरी मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधा आणि पातळ पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून त्यावर टांगा. कणा बाहेर करून लावलेलं १६ पानी पुस्तक कोणालाच दिसत नाही.

शिक्षिका_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. संच घेत नाही. दोन गोष्टी अजून. जुनी पुस्तकं बाद करताना नोंद कशी करायची? आणि चित्रपुस्तकावर शिक्का कुठे मारायचा? आधीच्या पुस्तकांत थेट चित्रांवर मारलेत.

ग्रंथपाल_ठाणे

बाद करायच्या पुस्तकांची यादी करा: दाखल क्रमांक, शीर्षक, किंमत, कारण. कारण तीनच प्रकारचं लिहा: फाटलं किंवा बुरशी, माहिती कालबाह्य, तीन वर्षांत एकदाही गेलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, मुख्याध्यापकांची सही घ्या. शासकीय अनुदानातून घेतलेलं पुस्तक असेल तर वरिष्ठ कार्यालयाची निर्लेखनाची (साठ्यातून कमी करण्याची) मंजुरी आल्याशिवाय रद्दीत देऊ नका, खोक्यात वेगळं ठेवा. दाखल नोंदवहीत त्या ओळीवर लाल शाईने एक रेघ, ठराव क्रमांक आणि तारीख. तो दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला पुन्हा देऊ नका, नाहीतर साठा तपासणीत एका क्रमांकाची दोन पुस्तकं निघतात.

शिक्का आतल्या पहिल्या पानाच्या मागे, जिथे प्रकाशकाची माहिती असते तिथे. दुसरा एका ठरलेल्या पानावर, समासात. १६ पानी पुस्तकांसाठी ७ वं पान ठरवा, मोठ्यांसाठी १७ वं, आणि सगळ्या पुस्तकांत तेच पाळा. मुखपृष्ठ फाटून गेलं तरी पुस्तक आपलं आहे हे त्या पानावरून कळतं. लेबल कण्यावर मावत नाही, तेव्हा मागच्या मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावा. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवा, नाहीतर समोरच्या चित्रावर उलटा शिक्का उमटतो.